खांबाच्या सावलीतली मेंढरं

पवनचक्की थांबलेली होती. वणीकडून रात्रभर प्रवास करून आलेली बसभर माणसं तिच्या पायथ्याशी माना वर करून उभी होती, आणि तिन्ही पाती जागची हलत नव्हती. आटपाडीच्या माळावर ऑक्टोबरात वारा पडतो, हे माहिती सांगणाऱ्या सोनियाला पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागत होतं. पाहुण्यांची कोळसा खाण लवकरच बंद होणार होती. पुढं काय करता येईल ते बघायला एका संस्थेनं त्यांना या दौऱ्यावर आणलं होतं. आता पवनचक्क्या, दुपारी जतकडचा सौर प्रकल्प, उद्या कोयनेचं वीजघर.

"आमच्या कोयशाले वाऱ्याची वाट नाही पाहा लागत, बाई," मागून एकजण बोलला. सगळे हसले. सोनियाही हसली.

राहीबाईनं ते ऐकलंच नाही. ती पवनचक्कीकडं पाठ करून माळ बघत होती. तिचा नवरा त्या खाणीत होता, तो वारून चार वर्षं झाली होती. तिला नव्या कामाशी देणंघेणं नव्हतं. दौऱ्याच्या गावांत आटपाडीचं नाव ऐकलं, तेव्हा तिनं स्वतःचं नाव दिलं होतं.

याच माळावर ती पोरसवदा असताना मेंढरं राखायची. एका दुष्काळी उन्हाळ्यात बोअर मारायची गाडी आली. पाणी लागलं नाही, पण गाडीवरच्या वणीच्या तरुणाबरोबर राहीबाई निघून गेली. तो त्यांच्या जातीचा नव्हता. वर्षभरानं तिनं गावाकडं निरोप धाडला. भावाकडून उलट निरोप आला, की ज्योतिबाला बहीण नाही. त्याला पस्तीस वर्षं झाली. आता तिला घराकडं जायचं नव्हतं, तेवढं तोंडच नव्हतं. ज्योतिबादादा आहे की गेला, एवढंच कुणाकडून तरी कळलं असतं तर पुरे होतं.

माळावर एकही झाड नव्हतं. पवनचक्कीच्या खांबाची सावली तेवढी पश्चिमेला लांब पडली होती, आणि त्या सावलीत मेंढरं एकामागं एक, सरळ रांगेत उभी होती. डोकी एकमेकांच्या पोटाखाली. सूर्य सरकला की सावली सरकायची, आणि सगळी रांग अंग चोरून तेवढीच बाजूला व्हायची. राहीबाई बघत राहिली. तिच्या वेळी हा खांब नव्हता. मेंढरं भर उन्हात तशीच गोल करून उभी राहायची.

रांगेच्या टोकाला एक तरुण बाई कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. राहीबाई तिच्याशेजारी जाऊन टेकली. वणीला पस्तीस वर्षं काढलेल्या तिच्या तोंडातून आपोआप माळावरची बोली आली.

"कुनाची गं मेंढरं?"

"आमचीच की. मामंजींची."

बाईचं नाव मंगल होतं. सासऱ्याचं नाव काही ती घेईना. राहीबाईनंच ते भीत भीत उच्चारलं, तेव्हा मंगलनं डोक्यावरचा पदर नीट करून मान हलवली. म्हातारा बरा होता. गुडघं धरल्यापासून लांब चालत नव्हता, घरी बसून सुनांच्या चुका काढत होता, असं मंगलनं हसत सांगितलं. पाहुणीचे डोळे भरलेले तिला दिसले. ऊन लागलं असेल, असं समजून तिनं पाण्याची बाटली पुढं केली. बाटली घ्यायला हात मोकळा व्हावा म्हणून कोकरू पाहुणीच्याच मांडीवर दिलं.

राहीबाई पाणी प्यायली. मग धीर करून विचारलं, "त्येस्नी भन-भाऊ कोन?"

"कुनी न्हाई. एकलंच हायती."

म्हणजे निरोप अजून तोच होता. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. सोनिया हात करून बोलवत होती. जे विचारायला राहीबाई इथवर आली होती ते कळलं होतं. दादा होता. ती उठली आणि कोकरू परत द्यायला वाकली. तेव्हा तिला त्याचा कान दिसला.

कानाला छेद दिलेला होता. ताजा, अजून पुरता न वाळलेला. तिनं रांगेकडं पाहिलं. बहुतेक मेंढरांच्या उजव्या कानाला छेद होता, ती खूण तिच्या बापाच्या वेळेपासूनची. पण मधूनमधून काहींचा उजवा कान अखंड होता आणि डावा कापलेला होता. त्यांच्या घरात लेकीच्या नावानं एक पाठ, म्हणजे मादी कोकरू, सोडायची रीत होती. तिचा कान उलट्या बाजूनं कापायचा. तिला होईल ते कोकरू लेकीचं, त्याला होईल तेही लेकीचं. लग्न झालं की सगळी लेकीबरोबर जायची.

हॉर्न पुन्हा वाजला. राहीबाई जागची हलली नाही.

"ह्येचा डावाच कान का गं कापलाय?"

"त्यातली आमची न्हाईत, मावशी," मंगल म्हणाली. "पाऊस न्हाई, चारा न्हाई, तरी मामंजी त्यातलं एक इकू देत न्हाईत. कोकरू झालं की सोता कान कापत्यात. कुनाची म्हनून इचारलं, तर एवढंच म्हनत्यात, हायती एकीची. यील तवा घिऊन जाईल."