ओरगडमच्या बसमधला सोलो

चेन्नईजवळच्या ओरगडमच्या मोटार कारखान्यात रुजू झालेली चाळिशीची ऊर्मी चेन्नईत एकटी पडली होती. नोकरी सोडून नाशिकला परतायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तिने कॉलेजात पाठ झालेला प्रोग्रेसिव्ह मेटल अल्बम कित्येक वर्षांनी लावला. पण इयरफोन फोनला जोडलेच गेले नव्हते. ड्रम्सच्या दणक्याने पेंगणारी बस खडबडून जागी झाली. “सॉरी, सॉरी!” म्हणत तिने गाणं बंद केलं, तोच मागून कुणीतरी पुढची ओळ घसा फोडून गायला लागलं. ते होते कारखान्यात कधीही न हसणारे तिचे साहेब, सेल्वम. “बंद का केलंत? गिटारचा सोलो तर पुढेच आहे!” त्यांनी इंग्रजीत विचारलं. ऊर्मीने पुन्हा लावलं. “उद्या स्पीकर आणतो,” उतरताना ते म्हणाले. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि ऊर्मी चेन्नईत पहिल्यांदाच मोठ्याने हसली.