पांढरी थाळी

कॅमेरा कधीही खोटं बोलत नाही, असं छायाचित्रकाराने दारातच जाहीर केलं, आणि पिशवीतून हात तुटलेली बाहुली काढली.

ती त्याने गुंडीच्या हातात दिली. गुंडीने बाहुली उलटसुलट करून पाहिली आणि हिचा हात कुठे गेला, असं विचारलं. ती अशीच आहे, तो म्हणाला. मग ही माझीच ना, असं विचारल्यावर मात्र तो जरा अवघडला. पुढच्या वस्तीतही लागते, म्हणाला.

वस्ती काजळीच्या कारखान्याला टेकून होती. टायरला काळं करणारी काजळी इथे बनायची. टायरला लागून उरेल ती वस्तीला. इथे कुणी काजळ विकत घेत नसे. ते सकाळी उठल्यावर डोळ्यांत असायचंच.

गुंडीची आई त्याच कारखान्यात गोण्या शिवायची. फोटोवाला येणार म्हटल्यावर तिने सकाळपासून पोरीला दोनदा आंघोळ घातली होती, केस चापून बसवले होते. तिला देव पावल्यासारखं झालं होतं. गुंडीला लागणारा दम्याचा पंप दवाखान्यात फुकट मिळायचा, पण त्याला कार्ड लागायचं आणि कार्डाला फोटो. तो दोनदा परत आला होता. पाठीमागे पांढरं हवं, असं खिडकीतल्या कारकुनाचं म्हणणं. यात पोरगी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नाही. आईने चादर धुऊन लावून पाहिली. ती वाळेपर्यंत राखी झाली. वस्तीतल्या स्टुडिओतला पडदा कधीकाळी पांढरा होता, असं त्याचा मालक सांगे, पण त्याला साक्षीदार नव्हता. शहरात जायचं तर सुट्टी हवी, आणि सुट्टी मागितली की मुकादम कायमचीच देतो.

छायाचित्रकाराने धुतलेली पोर पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं.

"ताई, हे काही नैसर्गिक वाटत नाही हो."

त्याने खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि नैसर्गिकपणा गुंडीच्या दोन्ही गालांना लावला. केसही विस्कटले. समोरच्या दारातल्या मावशी मघापासून हे बघत होत्या. त्यांनी तिथूनच कळवलं, की त्यांचं छप्पर गळतं, आणि पोरंही आयतीच मळकी आहेत. साहेबांना वेगळे कष्ट पडायचे नाहीत.

मग त्याने पिशवीतून घडी केलेलं काहीतरी काढून झटकलं. फट्दिशी त्याची थाळीसारखी गोल, ताणलेली कापडी चकती झाली. उजेड चेहऱ्यावर पाडायला असते, पोरीच्या हनुवटीखाली धरा, असं सांगून ती त्याने आईच्या हातात दिली.

थाळी पांढरी होती. म्हणजे खरोखरची पांढरी. एवढा पांढरा रंग आईने दवाखान्यातसुद्धा पाहिला नव्हता. तिने आधी हात पुसले आणि मग दोन बोटांनी काठ धरला.

गुंडीला गंमत वाटली. ती हसली. हसायचं नाही, असं छायाचित्रकाराने तिला समजावलं. तिने तोंड मिटलं, तर खोकला आला. तो आला की लवकर जात नसे. पोर बाहुलीसकट वाकून वाकून खोकत राहिली. छायाचित्रकाराने एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

"खोकू नकोस बाळा," तो प्रेमाने म्हणाला. "फोटो हलतो."

आईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ही थाळी याच्या टाळक्यात घालावी, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण थाळी वाकली असती. मळलीही असती. तिने राग गिळला आणि काठ आणखी जपून धरला.

शेवटी खोकला थांबला आणि फोटो झाला. छायाचित्रकार गहिवरला. हे डोळे जगाची झोप उडवतील, म्हणाला; भिंतीएवढा फोटो लागेल, मोठमोठी माणसं त्यापुढे उभी राहून रडतील. आमच्या घरातली झोप कधीच उडाली, आई म्हणाली, पोर रात्रभर भिंतीला टेकून बसते. हे वाक्य त्याला फार आवडलं. ते त्याने फोनमध्ये टिपून घेतलं.

ज्याचा फोटो त्याला एक प्रत, असा त्याचा नियम होता. त्याने तळहाताएवढं यंत्र काढलं आणि त्यातून फोटो सरकत बाहेर आला. आईने तो उजेडात धरला. काळे गाल, काळं दार. पोरगी कुठे संपते, ते यातही कळत नव्हतं.

छायाचित्रकाराने थाळीसाठी हात पुढे केला. आईने ती सोडली नाही. त्याला वाटलं, पैसे हवे असतील. त्याने पाकीट काढलं. ती पाकिटाकडे न बघता आत गेली, ओलं फडकं घेऊन आली आणि गुंडीचे गाल असे खसाखसा पुसले, की पोर कळवळली. मग केस कानांमागे सारले, तिच्या हातातली बाहुली काढून त्याच्या पिशवीवर ठेवली, पोरीला पालथ्या डब्यावर बसवलं आणि थाळी तिच्या पाठीमागे धरून स्वतः त्याआड उभी राहिली.

"वा, ताई," छायाचित्रकाराने कॅमेरा उचलला. "आई आणि मूल. तुमचा चेहराही येऊ द्या ना जरा."

चेहरा आला नाही.

"आई, आता हसू?" गुंडीने विचारलं.

"नको. कार्डावर चालत नाही." आवाज थाळीमागून येत होता. "पण खोकला आला तर खुशाल खोक. साहेब थांबतील."

साहेब थांबले.

"आणि साहेब," थाळी जराही हलली नाही, "तेवढे दोन्ही कान दिसू द्या."