वारसाचा कागद

"साहेब आज नाय बसले, तर उद्या माझ्या खानावळीला कुलूप लागंल," अनसूया म्हणाली.

"बसतील, मावशी. तुमच्या अर्जात घोळ निघालाय, म्हणून तर बोलावलंय," शिपाई म्हणाला. "मयताचं नाव?"

अनसूयानं बोटानं कागद दाखवला.

"तोंडानं सांगा की."

"नवऱ्याचं नाव कसं घेऊ, बाबा?"

शिपाई कागद न वाचताच आत घेऊन गेला. बाकावरची बाई पदराआड हसली. ती गयाबाई, पहिल्या एसटीनं फर्दापूरहून आलेली. "मघाशी आत मलाबी हेच विचारलं. मीबी कागदच पुढं केला."

अनसूयाची खानावळ शेंद्र्याला. नव्या कंपन्यांतले चाळीस कामगार तिच्या हातचं जेवत. परवाना मात्र नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा तीन महिन्यांमागं अपघातात गेलेला. वारसाचा दाखला आणा, नाहीतर धंदा बंद करा, अशी नोटीस दारावर चिकटली होती. मुदत आज संपत होती.

"माझं लेण्यांच्या पायथ्याला चहाचं हॉटेल," गयाबाई म्हणाली. "तेबी त्यांच्याच नावावर."

"लेकरं?"

"एक मुलगा. आठवीला. तुम्हाला?"

"नाय. गावच्या आडावानी कोरडीच राहिले मी. खानावळ हेच माझं लेकरू."

पावसानं तिसरं वर्ष बुडवलं होतं. कचेरीतला माठ पालथा पडलेला. अनसूयानं बाटलीतलं निम्मं पाणी गयाबाईला दिलं, फडक्यातली भाकरी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली.

"दाखला मिळाला की शेंद्र्याला ये. दुष्काळात चहा कोण पितंय? दोघी मिळून भाकऱ्या थापू."

"अन् नाय मिळाला तर, अक्का?"

"तर मी येते तुझ्या कपबशा विसळायला!"

दोघी हसल्या. हसता हसता अनसूयाचे डोळे भरले. "मालक असते तर ह्या बाकावर बसायची पाळी आली नसती गं. टेंपोवर हिंडायचे, पण घरी आले की माझ्या टाक्या भरून द्यायचे."

गयाबाईनं तिचा हात हातात घेतला.

पाचाच्या सुमारास दार उघडलं. शिपायानं पुकारा केला, "मयत कडूबा सर्जेराव तुपे यांची पत्नी!"

अनसूया उठली. हात सोडवून घ्यायला वळली, तर गयाबाईही उठून उभी होती.