पॉइंटच्या पुढचं

“सात पॉइंट तीन पाच तास म्हणजे किती?” सुदाम घरतांनी विचारलं, आणि उरणहून आलेल्या मुलाचा पोह्याचा घास तोंडातच राहिला.

“सात तास पस्तीस मिनिटं,” तो म्हणाला.

झालं! घरतांनी हात जोडले. “एकवीस मिनिटं! या तुमी.”

हे तिसरं स्थळ. पनवेलात आता घरतांच्या दारात यायला लोक घाबरायला लागले होते. न्हावा शेव्याच्या एका गोदामात घरतांनी जन्मभर हजेरी सांभाळली. तिथलं मशीन तास पॉइंटमध्ये दाखवायचं आणि घरत त्याची मिनिटं, सेकंदं करून द्यायचे. नोकरी संपली, खोड राहिली. ज्याला एवढा हिशेब येत नाही त्याला पोरगी द्यायची नाही, असं त्यांनी देवासमोर जाहीर केलं होतं. देव बिचारा काय बोलणार!

घरातही तेच. “कुकर शून्य पॉइंट तीन तासांनी उतरव,” ते बायकोला सांगायचे. प्रमिला “बरं” म्हणायची आणि शिट्ट्या मोजायची.

खरा घोर लागला होता त्यांच्या लेकीला, प्रांजलला. तिला आर्यनशीच लग्न करायचं होतं. कामोठ्यात त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. दिसायला बरा, स्वभावाने सोन्यासारखा, पण गणित म्हटलं की अंगावर काटा. शिवाय पाचला येतो म्हणाला की साडेसहाला हजर, वर हसत हसत.

“आई, बाबा त्याला दोन मिनिटांत हाकलतील ग,” प्रांजल रडकुंडीला आली.

“पोरगा मला आवडला हाय,” प्रमिला म्हणाली. “हसतो तरी. तू त्याला ते पॉइंटचं शिकव. बाकी मी बघते.”

मग वडाळे तळ्याच्या काठावर शिकवणी सुरू झाली. लोक तिथे जोडीने भेळ खातात, ही दोघं गुणाकार करत बसायची.

“पॉइंटच्या पुढचं साठनं गुणायचं, की मिनिटं आली. त्यातही पॉइंट उरला, तर तो परत साठनं गुणायचा. ती सेकंदं.”

“साठच का? शंभरनं का नाही?”

“ते बाबांना विचार. पण लग्न झाल्यावर.”

पहिला आठवडा आर्यनने नुसतं डोकं धरलं. दुसऱ्या आठवड्यात एकदाचं जमलं, आणि जमलं ते असं की गडी थांबेचना. भेळवाल्यालाही विचारायला लागला. प्रांजलला कोण आनंद!

रविवारी तो घरी आला. चक्क वेळेवर.

घरतांनी पोहे येण्याचीही वाट पाहिली नाही. “दोन पॉइंट पाच आठ तास?”

“दोन तास, चौतीस मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद.”

घरत खुर्चीत सरळ झाले. “पाच पॉइंट एक दोन पाच?”

“पाच तास, सात मिनिटं, तीस सेकंद. अजून विचारा ना काका.”

दाराआडून प्रांजलने आईचा हात घट्ट धरला. तिला आनंदाने रडूच फुटायचं बाकी होतं.

घरतांनी अजून पाच विचारले. पाचही बरोबर. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. “अरे, इतकी वर्सं कुठं होतास तू?” म्हणत त्यांनी त्याला जवळच बसवून घेतलं.

आर्यन आता चांगलाच रंगात आला. “काका, कामोठ्याहून यायला मला शून्य पॉइंट चार पाच तास लागले. सत्तावीस मिनिटं. त्यातली शून्य पॉइंट एक तर कळंबोलीच्या सिग्नलला गेली.”

“म्हणजे सहा मिनिटं! वा!” घरतांनी मांडीवर थाप मारली.

प्रमिला चहा घेऊन बाहेर आली. आर्यनने कप घेतला, घड्याळाकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाला, “काकू, चहाला शून्य पॉइंट एक पाच तास. नऊ मिनिटं. आधण आधीच ठेवलं असतं, तर पाचात झाला असता.”

“तीस वर्सं मी हिला हेच सांगतोय!” घरत ओरडलेच. “प्रमिला, ठरलं! माझा होकार हाय. जावयाचं तोंड गोड कर!”

प्रांजलने सुटकेचा निःश्वास सोडला आणि आईकडे बघितलं. प्रमिला कधी नवऱ्याकडे, कधी आर्यनकडे बघत होती. दोघंही घड्याळाकडे बघत होते.

“पोरी, चहा झाला की त्याला वाटेला लाव,” ती शांतपणे म्हणाली. “माझ्या बापानं असलाच जावई केला होता. मी नाय करणार.”