कंबर अडुसष्ट

सहावा ड्रेस पलंगावर पसरून यशश्रीने वही उघडली आणि वाचता वाचता तिचं बोट थांबलं.

सकाळपासून ती कपाट आवरत होती. स्वतः शिवलेले सहाही ड्रेस आज खालच्या मजल्यावरच्या कावेरीअक्कांच्या शिवणवर्गाला द्यायचे होते. अक्कांनीच मागितले होते. नीट बसलेले ड्रेस सगळेच दाखवतात, म्हणाल्या, फसलेले कोण दाखवतं? प्रत्येकाला काय चुकलं त्याची चिठ्ठी टाचून दे, पोरी त्यातून शिकतील.

चिठ्ठ्या लिहायला वही हवीच होती. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलेल्या यशश्रीने ड्रेसच्या नोंदी प्रयोगासारख्या ठेवल्या होत्या. मार्च: कंबरेत एक सेंटिमीटर सैल, टक्स कमी पडले. एप्रिल: दीड, कापड आधी भिजवलं नाही. मे: अडीच, हातमागाचं कापड ओघळतं. जून: साडेतीन. जुलै: साडेचार. ऑगस्ट: साडेपाच. दर वेळी तिने चुकीमागचं कारण शोधलं होतं, पुढच्या ड्रेसला ते सुधारलं होतं. आणि दर वेळी कंबर आणखी सैल आली होती.

सुट्या सुट्या वाचताना हे कधी दिसलं नव्हतं. हातून होणारी चूक दोन्हीकडे जाते, कधी सैल, कधी घट्ट. एकाच दिशेने वाढत जाणारी चूक हाताची नसते. एक तर मोजायचं साधन खोटं, नाही तर ज्याला मोजतोय ते बदलतंय.

आईचं असंच झालं होतं. निपाणीला त्या उन्हाळ्यात आई दर पंधरा दिवसांनी ब्लाउजला आतून शिवण घालायची आणि शिंप्याला नावं ठेवायची. दिवाळीला ती नव्हती.

यशश्रीची गाठ मागच्या वर्षी काढली होती. फेब्रुवारीतल्या तपासणीचा रिपोर्ट आणायला तिचे वडील, आप्पा, एकटेच हेब्बाळच्या दवाखान्यात गेले. परत येऊन म्हणाले, सगळं स्वच्छ आहे, आता आराम कर, काहीतरी शिवत बस. पुढची तपासणी सप्टेंबरात होती. घरातला वजनकाटा मार्चमध्येच बिघडला. आप्पांनी तो दुरुस्तीला टाकला, आणि दुकानदार अजून उद्यावरच ढकलत होता.

पहिला ड्रेस आत्ता अंगात घालून बघणं, ही सगळ्यात साधी चाचणी होती. ती तिला करवेना.

“आप्पा, टेप घेऊन येता जरा?”

“सकाळीच मोजलं की गं,” आप्पा बाहेरून म्हणाले.

“परत मोजा.”

आप्पा आले. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी मापं तपासली होती. करणाऱ्याने आपलं काम आपण तपासायचं नाही, हा तिथला नियम त्यांनी घरातही आणला होता. म्हणून दर रविवारी यशश्रीची कंबर तेच मोजत, आणि टेप त्यांच्याच खिशात असे. तिथली दुसरी सवयही सुटली नव्हती. एखाद्या वस्तूला दुरुस्तीसाठी हात लावला की तिच्यावर तारखेची चिठ्ठी. गॅसचा रेग्युलेटर, कुकरचं झाकण, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांच्या पाठीवर आप्पांचं बारीक, सरळ अक्षर होतं.

त्यांनी पिवळा टेप तिच्या कंबरेभोवती फिरवला.

“बघ. अडुसष्ट.”

तिने वाकून पाहिलं. आप्पांच्या अंगठ्यापाशी अडुसष्टच होतं. मार्चपासून दर रविवारी तेच.

“आणि टेपच खोटा असला तर?”

आप्पांनी टेप कंबरेवरून काढला. “लाव की तुझ्या पट्टीला. शंका कशाला?”

तिची स्टीलची पट्टी त्यांनीच कारखान्यातून आणलेली, तीस सेंटिमीटरची. कागदावर आखणी ती फक्त या पट्टीनेच करायची. टेप कंबरेपुरता. आप्पांनी टेपचं टोक तिच्या हातात दिलं, बाकीची गुंडाळी मुठीतच ठेवली. तिने पट्टीशेजारी टेप ताणून धरला. दहा, वीस, तीस. रेघेला रेघ जुळत होती.

“म्हणजे...”

“म्हणजे तुला शिवायला येत नाही. एवढी एमएस्सी केलीस, टक्स घालायला काही शिकली नाहीस.”

ती हसली. हसता हसता डोळे पुसले. “सप्टेंबरच्या आधी एकदा दाखवून येऊ का पण?”

“टेप काय म्हणतोय बघितलंस की आत्ता,” आप्पा म्हणाले. “चहा ठेवतो. स्वल्प खा काहीतरी, सकाळपासून तशीच आहेस.” टेपची गुंडाळी खिशात घालून ते स्वयंपाकघरात गेले.

आपण वाईट शिवतो याचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. तिने सहा चिठ्ठ्या लिहिल्या. सहाही चिठ्ठ्यांवर तेच: चूक शिवणारीची.

टाचायला पिना हव्या होत्या. तिच्या डबीत एकही उरली नव्हती. कपाटाचा वरचा कप्पा आप्पांचा. तिथे काहीतरी असेल म्हणून तिने स्टुलावर चढून त्यांच्या स्वेटरमागे हात घातला. पत्र्याची छोटी डबी हाताला लागली. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं, पण पिनांसारखं नाही.

“यशू, आलं घालू का गं चहात?” आप्पांनी विचारलं.

“घाला,” ती म्हणाली आणि तिने झाकण काढलं.

आत सहा पिवळे तुकडे होते, टेपच्या मधून कापून काढलेले, बरोबर एकेका सेंटिमीटरचे, छापील आकड्यांसकट. चौतीस. अडतीस. त्रेचाळीस. सत्तेचाळीस. बावन्न. सत्तावन्न. तीसच्या आतला एकही नव्हता. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक, सरळ अक्षरात तारीख होती. पहिली मार्चमधली, शेवटची कालची.