शेवटच्या रांगेतलं विणकाम

"आता ऐका!" म्हणत तिने नव्या यंत्राच्या स्क्रीनवर आकडा वाढवला, आणि रिकाम्या सभागृहात ढोलाचा ठोका असा घुमला की शिडीवर वायर बांधणारे टेम्पोचे ड्रायव्हरकाका दचकले.

"अगं, आधी सांग तरी! पडलो असतो तर आजच्या कार्यक्रमात माझाच आवाज सगळ्यात मोठा आला असता."

"मग तुम्हालाही माइक लावला असता," ती म्हणाली. स्पीकरचे खोके तेच होते, वायरी त्याच होत्या, आवाज मात्र धुऊन पुसून ठेवल्यासारखा येत होता.

टेबलावर दोन क्रॉसओव्हर होते, स्पीकरना आवाज वाटून देणारी यंत्रं. बाबांचा जुना क्रॉसओव्हर बाबांच्या मागोमाग दोनच महिन्यांत गेला. एका सकाळी जळका वास आला आणि संपलं. दुकानदाराने हे दोन वापरून बघायला दिले होते. एक ठेव, दुसरा पाचच्या आत परत कर. कार्यक्रम सहाला होता. सभागृहाच्या व्यवस्थापकाने स्वच्छ सांगितलं होतं, "बाबांचं नाव होतं म्हणून बोलावलं. आजचं बघू, मग पुढचं ठरवू."

क्रॉसओव्हरचं काम सांगायला सोपं. जाड आवाज खालच्या मोठ्या खोक्यांकडे पाठवायचा, बारीक आवाज वरच्या लहान खोक्यांकडे. पण कुठे तोडायचा आणि कोणाला किती द्यायचा, यातच सगळी गोम. चुकलं की ढोल गायकाला गिळून टाकतो, नाहीतर गायकाच्या शब्दांतलं 'स' अक्षर कानात घुसतं. बाबा ते नुसतं ऐकून करायचे. सगळे साउंडवाले त्यांच्या कानाचं नाव घ्यायचे. तो कान आपल्याकडे नाही, हे तिने मनाशी मान्य करून टाकलं होतं. म्हणूनच तिला स्क्रीनचा क्रॉसओव्हर आवडला होता. आकडे टाकायचे, जपून ठेवायचे, भरवसा आकड्यांवर. दुसरा होता गोल बटनांचा, जुन्या वळणाचा.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी असाच एक स्क्रीनचा आणला होता आणि अर्ध्या तासात परत केला होता. "यात सारखं खाली बघावं लागतं," एवढंच म्हणाले. म्हाताऱ्याचा हट्ट, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

"साहेबांना खाली बघायला फुरसत कुठे होती!" काका शिडीवरून उतरत म्हणाले. "हात बटनावर आणि डोळे वहिनींवर. तीस वर्षं झाली लग्नाला, तरी नजर हटायची नाही. काय हो वहिनी?"

शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर आई विणत बसली होती. प्रत्येक कार्यक्रमाला ती तिथेच बसायची, तोच राखाडी स्वेटर घेऊन. विणताना मान कधी खाली नाही, आणि स्वेटर कधी पुढे नाही. ज्या भाच्यासाठी तो विणायला घेतला होता तो आता दाढी करायला लागला होता. घरात त्यावरून रोज थट्टा व्हायची.

मुलीने बटनांचा क्रॉसओव्हर पुठ्ठ्याच्या खोक्यात भरला, चिकटपट्टी लावली. "काका, हा परत. स्क्रीनचा ठेवला."

काकांनी खोकं काखेत मारलं आणि ते दाराकडे निघाले.

"भाऊजी, तो नेऊ नका."

आईने आवाज चढवला नव्हता, पण काका जागच्या जागी थांबले.

"आई, अगं हा स्क्रीनचा किती चांगला आहे. सगळं लक्षात ठेवतो."

"असेल. पण त्यात खाली बघावं लागतं."

"झालं! बाबांचंच वाक्य."

"कारण त्यांना वर बघावं लागायचं." आईने विणकाम मांडीवर ठेवलं. "सहा वर्षं त्यांना बारीक आवाज ऐकूच येत नव्हता गं. दाराची बेल वाजली की कोण उठायचं? मीच ना? इथे मी सुई वर केली की ते बारीक आवाज मागे घ्यायचे. खाली केली की ढोल. कोणाला कळू द्यायचं नव्हतं. कामं गेली असती."

सगळे ज्याचं नाव घ्यायचे तो कान शेवटच्या रांगेत बसायचा.

"म्हणजे," काका हळूच म्हणाले, "साहेब तुमच्याकडे बघत नव्हते?"

"सुईकडे बघायचे. मधूनच माझ्याकडेही बघायचे, ते वेगळं."

काकांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि न सांगता स्क्रीनचा क्रॉसओव्हर उचलला. तिने चिकटपट्टी फाडली. नव्या वायरी जोडताना तिला एवढा उत्साह आला की स्क्रू दोनदा हातातून निसटला. आता चुकायची भीतीच उरली नव्हती. आई होती, सुई होती.

सहाला सभागृह भरलं. गायिकेने पहिली ओळ उचलली आणि तिचा 'स' सर्रकन कापत गेला. बटन मागे आलं. ढोल फुगला, तोही खाली बसला. दुसऱ्या कडव्याला गायिकेचा आवाज मोकळा झाला आणि सभागृहभर असा पसरला की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मांडीवर ताल धरला. दाराशी उभा असलेला व्यवस्थापक खुर्ची ओढून बसला.

आणि मुलीच्या लक्षात आलं की आपण अजून एकदाही सुईकडे बघितलेलं नाही. तिने घाईने मान वर केली, शेवटच्या रांगेकडे बघितलं.

आईची मान खाली होती. ओठांतल्या ओठांत टाके मोजत ती भराभर विणत होती.