पलंगाजवळची खुर्ची

आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर सिस्टरने बजावलं होतं, "आजींना नुसतं पडून राहू देऊ नका. हालचाल नसली की पायात रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. एकाच पायाला सूज आली किंवा धाप लागली, तर लगेच हाक मारा."

आमच्या ताईने ते फारच मनावर घेतलं. आईचं इंजेक्शन चुकू दिलं नाही, की वॉकर घेऊन मारायच्या फेऱ्या. स्वतः मात्र पलंगाजवळच्या खुर्चीत दिवसरात्र ठाण मांडून बसली. सारखं उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा बेतानेच प्यायची. "घरी जाऊन जरा पड," म्हटलं तर म्हणायची, "आईला घेतल्याशिवाय मी इथून हलायची नाही." आम्हा भावंडांनाही ते सोयीचंच होतं.

आज डिस्चार्ज मिळाला. निघताना ताईच्या डाव्या पायात चप्पल जाईना. "बसून बसून सुजलाय मेला," म्हणत तिने ती हातातच घेतली.

लिफ्टपाशी आई वॉकर थांबवून मागे वळली आणि हसली.

"अगं, ऑपरेशन माझं झालं, आणि धापा तू टाकतेस?"